वाचकांचे प्रश्न: हाड मोडलंय, पेशंट हलत नाहीये, आता एक्सरे कसा काढायचा?

गेल्या अंकात फ्रॅक्चर आणि एक्सरेवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर ढीगभर आले. रेडिओग्राफी शिकणाऱ्या मुलामुलींचे सगळ्यात जास्त, काही पालकांचे, आणि काही ज्यांचं स्वतःचं हाड सध्या प्लास्टरमध्ये आहे अशांचे. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती, की पुस्तकातल्या पोझिशन सगळ्यांना पाठ आहेत, पण समोर आलेला माणूस त्या पोझिशनमध्ये येऊच शकत नाही तेव्हा काय करायचं हे बऱ्याच जणांना कुणी धड सांगितलेलंच नाही. त्यामुळे आज जास्त बोलणं त्यावरच. ट्रॉमामध्ये, म्हणजे अपघाती इजेत, पेशंट हलवायचा नसतो, किरण सोडणारी ट्यूब हलवायची असते, हे वाक्य आज तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येणार आहे, कंटाळू नका.

प्रश्न: मॅडम, वर्गात सारखं सांगतात की एक व्ह्यू म्हणजे शून्य व्ह्यू. पण मनगटाच्या पहिल्याच फोटोत फ्रॅक्चर स्पष्ट दिसतंय, पेशंट कळवळतोय, तरी लॅटरल (बाजूने घेतलेला फोटो) घ्यायचाच का? (दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी)

घ्यायचाच. एक्सरे म्हणजे सावली, आणि सावलीला खोली नसते. तुझ्याकडे टोक करून वाकलेली काठी समोरून बघितलीस तर सरळच दिसते ना, तसंच हाडाचं. मनगटाचंच घे. कोलिस फ्रॅक्चरमध्ये रेडियसचा (पुढच्या हाताचं अंगठ्याकडचं हाड) खालचा तुकडा हाताच्या पाठीकडे कलतो आणि स्मिथमध्ये तळव्याकडे. पीए व्ह्यूत (किरण मागून पुढे जातात) दोन्ही जवळजवळ सारखीच दिसू शकतात, हाड तुटलंय एवढंच कळतं, कुठल्या बाजूला कललंय ते लॅटरलशिवाय नाही कळत, आणि डॉक्टर ते बसवताना उलट्या दिशेने दाबणार असल्यामुळे त्यांना नेमकं तेच हवं असतं. गंमत म्हणजे अब्राहम कोलिसने हे फ्रॅक्चर १८१४ साली वर्णन केलं तेव्हा एक्सरे नव्हताच, तो रॉन्टगेनला सापडला १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे त्या माणसाने नुसतं डोळ्याने बघून आणि हात लावून ओळखलं होतं. आपणही फोटोआधी पेशंटच्या हाताकडे नीट बघावं, सूज कुठे, वाकडं कुठे, ते बघून अर्धं काम होतं.

आता कळवळण्याचं. लॅटरलसाठी मनगट फिरवायला सांगितलंस तर तो ओरडणारच. पण व्ह्यू बदलायचा म्हणजे हात फिरवायचा असं कुठे लिहिलंय? हात स्पंजवर आहे तसाच राहू दे, डिटेक्टर (चित्र टिपणारी पाटी) बाजूला उभा कर आणि ट्यूब आडवी करून हॉरिझॉन्टल बीम (आडवा किरणांचा झोत) मार. दोन फोटोंमध्ये एकमेकांशी ९० अंश असले की झालं, पुस्तकातल्यासारखा शुद्ध पीए आणि शुद्ध लॅटरल नाही जमला तरी चालतो, फक्त काय केलंस ते लिहून ठेव.

आणि दोन व्ह्यूबरोबर दोन सांधे विसरू नकोस. पुढच्या हाताचं एक हाड मोडून आखूड झालं की दुसऱ्या हाडाला कुठेतरी त्याची किंमत मोजावी लागते. अल्ना (करंगळीकडचं हाड) मोडली आणि कोपराशी रेडियसचं डोकं निसटलं तर मॉन्टेजिया, रेडियस मोडला आणि मनगटाशी अल्नाचा सांधा निसटला तर गॅलियाझी. मधलं तुटलेलं हाड इतकं ठळक दिसतं की सगळे त्याच्याकडेच बघत राहतात आणि निसटलेला सांधा फोटोच्या चौकटीबाहेर राहून जातो. एका डिटेक्टरवर दोन्ही सांधे मावत नसतील तर सरळ दोन एक्स्पोजर घे. कोपराजवळ एक सोपी तपासणी आहे, रेडियसच्या मधून ओढलेली रेषा कुठल्याही व्ह्यूत कॅपिटेलमवर (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा गोल भाग) जाऊन आदळली पाहिजे, चुकली तर डोकं निसटलंय.

प्रश्न: पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा हिप घेताना पुस्तकात लिहिलंय पाय १५ ते २० अंश आत फिरवा. पण पाय आधीच बाहेर वळलेला असतो आणि हात लावला तरी दुखतं. काय करायचं? (तिसरं वर्ष, विद्यार्थिनी)

काहीही करायचं नाही, पाय आहे तसा ठेवायचा. हा प्रश्न आला म्हणून मला खरंच बरं वाटलं कारण इथे पुस्तक पाठ असणं धोक्याचं ठरतं. आत फिरवायचं कारण काय, तर फीमरची (मांडीच्या हाडाची) नेक, म्हणजे मान, थोडी पुढे झुकलेली असते, पाय आत वळवला की ती डिटेक्टरला समांतर येते आणि पूर्ण लांबीत दिसते. नॉर्मल पेशंटसाठी छान आहे. पण पडल्यानंतर पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला की नेक किंवा ट्रोकँटरजवळ (नेकखालचा उंचवटा) फ्रॅक्चर आहे असंच धरून चालायचं. फीमरच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा बहुतेक नेकच्या कडेकडेनेच वर जातात, आपण पाय फिरवून तुकडे आणखी सरकवले तर उरलेला रक्तपुरवठाही जाऊ शकतो. एवढी किंमत मोजून सुंदर एपी (पुढून घेतलेला फोटो) कुणालाच नकोय. एपी पेल्व्हिस घे, दोन्ही हिप एकाच फोटोत, म्हणजे चांगल्या बाजूशी तुलनाही होते.

लॅटरलसाठी फ्रॉग-लेग (गुडघा वाकवून मांडी बाहेर पाडणं) तर अजिबात नाही, कुणी सीनियर म्हणाला तरी नाही. हॉरिझॉन्टल बीम लॅटरल घ्यायचा. चांगला पाय उचलून आधारावर ठेवायचा, डिटेक्टर दुखऱ्या बाजूला कमरेच्या हाडाच्या वर टेकवून नेकला समांतर, साधारण ४५ अंशात, आणि बीम दोन मांड्यांच्या मधून आडवा. जाड भाग आहे, एक्स्पोजर बरंच लागतं, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लागतो, आणि ग्रिड जरा तिरका झाला की कटऑफ होऊन, म्हणजे हवे ते किरणही अडून, फोटो फिका येतो. दोन्ही पाय हलत नसतील, दोन्ही हिप मोडलेत किंवा दुसऱ्या बाजूला नुकतंच ऑपरेशन झालंय, तर क्लेमेंट्स-नाकायामा पद्धत वाचून ठेव, त्यात पाय उचलावाच लागत नाही.

फोटोत शेंटन लाइन बघायची सवय लाव, फीमरच्या नेकच्या आतल्या कडेपासून पेल्व्हिसच्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत एक सलग कमान असते, ती तुटली की काहीतरी सरकलंय. पण कमान नीट आहे, हाड नीट दिसतंय, आणि बाई उभ्याच राहू शकत नाहीयेत, असं झालं तर एक्सरे नॉर्मल म्हणून घरी पाठवायचं नसतं. न सरकलेलं फ्रॅक्चर एक्सरेत लपतं, एमआरआयवर मज्जेतली सूज लगेच उजळते. हा निर्णय डॉक्टरांचा आहे, पण "टेबलावर घेताना पाय टेकवूच शकल्या नाहीत" ही माहिती बऱ्याचदा फक्त तुझ्याकडेच असते. ती फॉर्मवर लिही.

अजून एक, पेल्व्हिस म्हणजे कडं आहे. कड्यात एका जागी तुटलेलं दिसलं की दुसरी जागा शोधायची, एका जागी कडं सहसा तुटत नाही. पुढे प्युबिसचा रेमस (पुढच्या हाडाची फांदी) मोडलेला दिसला की मागे सॅक्रमकडे (माकडहाडाच्या वरचं हाड) नजर गेलीच पाहिजे.

प्रश्न: एक्सरेत काही नाही म्हणाले आणि तरी अंगठ्यापर्यंत प्लास्टर घातलं. फ्रॅक्चर नाहीये तर प्लास्टर कशाला? (एक वाचक, हातावर पडलेले)

तुमचा वैताग समजतो, पण तुमच्या डॉक्टरांनी बहुतेक बरोबरच केलंय. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबल्यावर दुखत असणार. त्याच्या तळाशी स्केफॉइड नावाचं छोटं हाड आहे. ते मोडलं तरी पहिल्या दिवशीच्या एक्सरेत कधीकधी काहीच दिसत नाही, कारण भेग केसाएवढी असते आणि तुकडे सरकलेले नसतात. साधारण १० ते १४ दिवसांनी भेगेच्या कडेचं हाड थोडं विरघळतं, भेग रुंद होते आणि मग दिसायला लागते, म्हणून परत बोलावतात. काही ठिकाणी थांबण्याऐवजी लगेच एमआरआय करतात, त्यात तेव्हाच्या तेव्हा उत्तर मिळतं.

एवढी काळजी का, तर या हाडाला रक्त उलट्या बाजूने मिळतं, बोटांकडच्या टोकातून शिरून मनगटाकडे मागे येतं. मधे मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्तच तुटतं, तो तुकडा मरू शकतो आणि पुढे मनगट कायमचं दुखायला लागतं. दोन आठवडे प्लास्टर त्यापेक्षा परवडलं. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही पण वाचताय ना, स्केफॉइडला नेहमीचे दोन व्ह्यू पुरत नाहीत. हात करंगळीकडे वळवून घेतलेला पीए लागतो, त्यात हाड लांब पसरून दिसतं, शिवाय तिरके व्ह्यू लागतात, नाहीतर हाड स्वतःवरच दुमडल्यासारखं दिसतं आणि मधला भाग झाकला जातो.

प्रश्न: मानेच्या लॅटरलमध्ये सी७ (मानेचा सातवा मणका) कधीच दिसत नाही, खांदे मधे येतात. आणि आता तर सगळे थेट सीटीच करतात, मग हे शिकायचं कशाला? (दुसरं वर्ष)

कारण प्रत्येक ठिकाणी सीटी रिकामा नसतो, आणि कारण ही फिल्म नीट कळली की सीटीसुद्धा नीट वाचता येतो. मोठ्या ट्रॉमात प्रौढ पेशंटला आता सीटीच पहिली पसंती आहे हे खरंय.

पण एक्सरे घ्यायची वेळ आलीच तर कॉलर काढायचा नाही, डोकं वळवायचं नाही, "जरा हनुवटी वर करा" पण म्हणायचं नाही. पेशंट पाठीवर, बीम आडवा. खांद्यामुळे डिटेक्टर मानेपासून लांब पडतो म्हणून चित्र मोठं आणि पुसट येतं, त्यावर उपाय म्हणजे ट्यूब लांब न्यायची, १८० सेंटिमीटरपर्यंत. श्वास पूर्ण सोडायला लावला की खांदे आणखी खाली जातात. हात खाली ओढायचे ते फक्त डॉक्टर हो म्हणाले आणि हाताला इजा नसेल तरच. तरी सी७ आणि टी१ (छातीचा पहिला मणका) चा सांधा दिसला नाही तर फिल्म अपुरी आहे, ती नॉर्मल नाहीये, हा फरक डोक्यात पक्का ठेव. मग स्विमर्स व्ह्यू, ज्यात एक हात वर जातो, तोही डॉक्टरांना विचारूनच, नाहीतर सरळ सीटी.

कुणाला फोटोच लागत नाही हे ठरवायचे पण नियम आहेत. नेक्सस नावाच्या नियमात पाच गोष्टी बघतात: मानेच्या मधोमध दाबल्यावर दुखत नाही, हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा नाही, माणूस पूर्ण शुद्धीत आहे, दारू वगैरेचा अंमल नाही, आणि लक्ष दुसरीकडे खेचेल अशी मोठी दुखापत दुसरीकडे नाही. शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते, मांडीचं हाड मोडलेला माणूस मान दुखतेय हे सांगणारच नाही.

प्रश्न: लहान मुलांच्या कोपरात इतके सुटे तुकडे दिसतात, फ्रॅक्चर कुठलं आणि वाढीचं केंद्र कुठलं कसं ओळखायचं? (पहिल्या वर्षातल्या दोघींचा मिळून प्रश्न)

छान प्रश्न, सगळेच इथे घाबरतात. कोपरात वाढीची, म्हणजे जिथे कूर्चेचं हाड व्हायला लागतं अशी, सहा केंद्रं असतात आणि ती ठरलेल्या क्रमाने उगवतात: कॅपिटेलम, रेडियसचं डोकं, आतला एपिकॉन्डाइल, ट्रॉक्लिया, ऑलेक्रेनॉन, बाहेरचा एपिकॉन्डाइल. वयं ढोबळ मानाने १, ३, ५, ७, ९, ११. वयात मुलामुलींमध्ये फरक पडतो, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतं, पण क्रम महत्त्वाचा. समजा ट्रॉक्लिया दिसतोय आणि आतला एपिकॉन्डाइल त्याच्या जागेवर दिसत नाहीये, तर तो अजून उगवला नाही असं म्हणू नका. तो आधी उगवतो. मग तो गेला कुठे? बऱ्याचदा स्नायूने ओढून सांध्याच्या आत नेऊन अडकवलेला असतो आणि तोच तुम्हाला ट्रॉक्लिया वाटत असतो.

दुसरी गोष्ट चरबीची. सांध्यात रक्त भरलं की आतल्या चरबीच्या गाद्या बाहेर ढकलल्या जातात आणि लॅटरलमध्ये काळ्या पट्ट्यासारख्या दिसतात. पुढची थोडी दिसली तर नॉर्मल असू शकते, शिडासारखी फुगून वर उचलली असेल तर नाही. मागची दिसली तर काहीतरी मोडलंय असं धरायचं, भले रेषा दिसो न दिसो. मुलांमध्ये बहुतेक सुप्राकॉन्डायलर (दंडाच्या हाडाचं कोपराच्या जरा वरचं फ्रॅक्चर), मोठ्यांमध्ये रेडियसचं डोकं. पण हे सगळं कोपर ९० अंशात वाकलेलं आणि खरा लॅटरल असेल तरच विश्वासाचं, सरळ हातात मागची गादी उगाचच दिसू शकते.

आणि इथेच परत तेच. सुप्राकॉन्डायलर सरकलेलं असेल, कोपर सुजून वेडंवाकडं दिसत असेल, तर ९० अंश करायला जबरदस्तीने वाकवायचं नाही. तिथून हाताची मुख्य रक्तवाहिनी (ब्रेकियल आर्टरी) आणि मेडियन नर्व्ह जाते, टोकदार तुकडा त्यात घुसला तर हात जाऊ शकतो. मूल ज्या स्थितीत हात धरून आलंय त्याच स्थितीत दोन काटकोनातले फोटो घ्या. बोटं पांढरी-थंड वाटली, बोटं हलवता येत नसली, तर फोटो बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना हाक मारा.

वाढीच्या चकतीतून जाणाऱ्या फ्रॅक्चरचे पाच प्रकार सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ साली मांडले, सगळ्यात जास्त दिसणारा दुसरा, ज्यात चकतीबरोबर वरच्या मेटाफिसिसचा (चकतीलगतचा हाडाचा रुंद भाग) एक कोपरा येतो. पाचवा, चकती चिरडलेला, पहिल्या फोटोत बहुतेक दिसतच नाही. दुसऱ्या बाजूचा चांगला हात तुलनेसाठी सरसकट घेऊ नका, अडलंच तर डॉक्टर सांगतील.

प्रश्न: डिजिटलमध्ये कितीही एक्स्पोजर दिलं तरी फोटो चांगलाच दिसतो, मग केव्हीपी-एमएएस (किरणांची भेदकता आणि प्रमाण) पाठ करायचं का? (इंटर्न)

अरे बाबा, म्हणूनच पाठ करायचं! फिल्मच्या काळात जास्त दिलं की फिल्म काळी व्हायची, गुन्हा लगेच पकडला जायचा. डिजिटल सिस्टीम सगळं सावरून घेते, कमी दिलं तर चित्र दाणेदार येतं म्हणून डॉक्टर ओरडतात, जास्त दिलं तर चित्र आणखीच गुळगुळीत येतं आणि कुणीच ओरडत नाही. मग प्रत्येक जण "सेफ साइड" म्हणून थोडं थोडं वाढवत जातो आणि पेशंटला उगाच जास्त डोस मिळत राहतो. याला डोस क्रीप म्हणतात.

पकडायचं कसं, तर प्रत्येक फोटोखाली एक्स्पोजर इंडेक्स आणि त्याच्याशेजारी डेव्हिएशन इंडेक्स येतो, तो वाचायचा. शून्य म्हणजे ठरवल्याएवढं, +३ म्हणजे दुप्पट, −३ म्हणजे निम्मं. मात्र कोलिमेशन (बीमची चौकट) ढिसाळ असेल किंवा फोटोच्या क्षेत्रात मेटलचा इम्प्लांट असेल तर हा आकडा फसवतो, आकड्यावर आंधळा विश्वास पण नको.

बाकी हिशोब जुनेच आहेत. केव्हीपी १५ टक्के वाढवलं तर डिटेक्टरवर एमएएस दुप्पट केल्यासारखा परिणाम होतो. अंतर दुप्पट केलं की तीव्रता एक चतुर्थांश, म्हणजे आधी म्हटल्याप्रमाणे ट्यूब मागे नेलीस तर एमएएस त्या प्रमाणात वाढवावंच लागेल. पंजाला ५०-५५ केव्हीपी, पेल्व्हिसला ७५-८० च्या आसपास, तुमच्या मशीनचा चार्ट बघ. स्ट्रेचरवर वेड्यावाकड्या पडलेल्या पेशंटला ऑटोमॅटिक एक्स्पोजरच्या भरवशावर सोडू नकोस, हाड चेंबरवर (किरण मोजणाऱ्या भागावर) नीट आलं नाही तर मशीन भलत्याच वेळी थांबतं. हात थरथरत असेल तर वेळ कमी, एमए (ट्यूबचा करंट) जास्त, हालचाल झालेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

प्रश्न: माझ्या सहा वर्षांच्या मुलाचे महिन्याभरात तीनदा एक्सरे झाले. रेडिएशनची भीती वाटते. आणि आता तर पोटावर शिशाचं आवरणपण ठेवलं नाही, विसरले का? (एक आई)

ताई, आधी आकडे सांगते. आपल्याला जमिनीतून, हवेतून, आकाशातून काही न करताच रेडिएशन मिळत असतं, जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट. हाताच्या पंजाचा एक्सरे साधारण ०.००१, म्हणजे नुसतं बसून काही तासांत मिळतं त्याच्या आतबाहेर. छातीचा ०.०२ च्या आसपास. डोक्याचा सीटी मात्र २ च्या घरात जातो, म्हणून सीटी विचार करूनच करतात. तुमच्या मुलाचे फोटो हाड बसलंय का, सरकलं तर नाही ना, हे बघायला घेतलेत, ते चुकवू नका.

आवरण विसरले नसावेत. जननेंद्रियांवर शिसं ठेवायची कित्येक वर्षांची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी बंद होतेय. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्ट लोकांच्या संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं की सरसकट ठेवू नका. कारण आजकालच्या मशीनमध्ये डोस खूप कमी झालाय, शरीराच्या आतच विखुरणारे किरण बाहेरच्या शिशाने थांबत नाहीत, आणि शिसं सरकून हवा तो भाग झाकला गेला तर फोटो परत घ्यावा लागतो. खरं संरक्षण म्हणजे बीम हवा तेवढाच उघडणं. मुलाला धरायला तुम्हाला आत बोलावलं तर तुम्ही मात्र एप्रन घालाच, आणि गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर आधीच सांगा, दुसरं कुणीतरी धरेल.

प्रश्न: पाय मुरगळला, एवढा सुजलाय, आणि डॉक्टरांनी दाबून बघून एक्सरे न काढताच परत पाठवलं. निष्काळजीपणा नाही का हा?

नसावा. सुजेवरून फ्रॅक्चर ठरत नाही. १९९२ पासून ओटावा नियम वापरतात: घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये किंवा टोकावर दाबून दुखतं का, आणि लागल्यावर लगेच आणि आता तपासताना चार पावलं टाकता येत नाहीत का. घोट्याभोवती दुखतंय पण यातलं काहीच नाही तर घोट्याचं महत्त्वाचं फ्रॅक्चर असायची शक्यता फार फार कमी. पायाच्या पंजासाठी अशाच दोन जागा आहेत, पाचव्या मेटाटार्सलचं (करंगळीच्या रेषेतलं लांब हाड) मूळ आणि नेव्हिक्युलर (आतल्या बाजूचं छोटं हाड). चार-पाच दिवसांत टेकता आलं नाही तर परत जा.

प्रश्न: गुडघ्याचा लॅटरल नेहमी कुशीवर वळवून घेतो. कॅज्युअल्टीत सर म्हणतात हॉरिझॉन्टलच घे. फरक काय पडतो?

दोन फरक. एक, कुशीवर वळवताना टिबियाचा (नडगीच्या हाडाचा) मोडलेला पृष्ठभाग सरकू शकतो. दुसरा जास्त गमतीचा आहे. सांध्याच्या आत हाड मोडलं की मज्जेतली चरबी रक्ताबरोबर सांध्यात सांडते, आणि चरबी हलकी म्हणून वर तरंगते. पेशंट पाठीवर काही मिनिटं पडलेला असेल आणि बीम आडवा असेल तर पटेलाच्या (गुडघ्याच्या वाटीच्या) वर एक सरळ आडवी रेषा दिसते, वर चरबी खाली रक्त. फ्रॅक्चरची रेघ कुठेच नाही दिसली तरी ही एक लेव्हल सांगते की आत मोडलंय, टिबियल प्लॅटो (टिबियाचा वरचा सांध्याकडचा पृष्ठभाग) बघा, सीटी करा. उभ्या बीमने ही रेषा दिसूच शकत नाही.

असंच पाठीवर पडलेल्या पेशंटच्या छातीचं. हवा वर पुढच्या बाजूला जाते, त्यामुळे न्यूमोथोरॅक्सची (फुप्फुसाबाहेर साठलेल्या हवेची) नेहमीची कड दिसत नाही, फक्त डायफ्रामच्या कोपऱ्यात एक खोल काळा खळगा दिसतो. एपी सुपाइनमध्ये (पेशंट पाठीवर, फोटो पुढून) हृदयपण मोठं दिसतं, म्हणून फोटोवर "एपी, सुपाइन" लिहायचं विसरू नका.

प्रश्न: सीटी आणि एमआरआयमध्ये हाडांसाठी चांगलं कुठलं? (परीक्षेत पाच मार्काला येतं)

पाच मार्कापुरतं: तुकडे किती, कुठे, सांध्याचा पृष्ठभाग किती खचला हे सीटी, आणि ते पातळ स्लाइस घेऊन तिन्ही प्लेनमध्ये परत बांधून बघायचं. मज्जेची सूज, लपलेलं फ्रॅक्चर, लिगामेंट, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी), स्पायनल कॉर्ड हे एमआरआय. डोक्याला मार असेल तर ताज्या रक्तस्रावासाठी आधी सीटीच. पहिल्या पेशंटचा सीटी १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये झाला तोही मेंदूचाच होता, हाउन्सफिल्डचं मशीन, त्याच्याच नावाच्या स्केलवर पाणी शून्य आणि हवा उणे १०००. बेशुद्ध ट्रॉमा पेशंटला एमआरआयमध्ये घेताना त्याच्या अंगात काय काय धातू आहे हे तो सांगू शकत नाही, म्हणून आधीचे एक्सरे बघायचे, नातेवाइकांना विचारायचं.

प्रश्न: मला स्क्रीनवर फ्रॅक्चर दिसतं आणि पेशंट विचारतो "मोडलंय का हो?" सांगायचं की नाही?

पेशंटला निदान सांगायचं नाही, "डॉक्टर फोटो बघून लगेच सांगतील" एवढंच, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ते जास्त अवघड. पण डॉक्टरांपासून लपवायचं अजिबात नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात रेडिओग्राफरनी संशयास्पद फिल्मवर लाल ठिपका लावायची पद्धत सुरू झाली, रात्री अपघात विभागातल्या नवख्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटू नये म्हणून. तुमच्याकडे ठिपका नसेल तर फोन आहे. खांद्याच्या एपीत ह्युमरसचं (दंडाच्या हाडाचं) डोकं बल्बसारखं गोल दिसलं आणि पेशंटला फिट आली होती किंवा शॉक लागला होता असं कळलं, तर खांदा मागे निसटलेला असू शकतो आणि एपीत तो हमखास सुटतो. वाय व्ह्यू किंवा अ‍ॅक्सियल (खांद्याचे दुसऱ्या कोनातले फोटो) घेऊ का असं तूच विचार. तान्ह्या बाळाच्या बरगड्या मागच्या बाजूला मोडलेल्या दिसल्या, किंवा मेटाफिसिसचे कोपरे तुटलेले दिसले, तर आईबापांसमोर काही न बोलता आधी सीनियर आणि मग डॉक्टर.

प्रश्न: पाचव्या मेटाटार्सलच्या मुळाशी मुलांमध्ये एक रेष दिसते, ती फ्रॅक्चर की नॉर्मल?

रेषेची दिशा बघ. वाढीचं केंद्र असेल तर रेष हाडाच्या लांबीला साधारण समांतर जाते, फ्रॅक्चर असेल तर आडवी कापत जाते. दोन्ही एकत्र पण असू शकतात, म्हणून फोटो काढताना नेमकं कुठे दाबल्यावर दुखतं ते बोटाने दाखवायला सांग आणि ती जागा फॉर्मवर लिही. नुसतं "पाय दुखतो, ट्रॉमा" असा फॉर्म आला असेल तरी तुझ्याकडून तसाच पुढे जाऊ देऊ नकोस.